तांबडशेपट्या गनिमाचे पारिपत्य

पूर्वपीठिका ऐसी जे, मत्स्यसंशोधन केंद्र, त्याचे मागील बाजूस तळे, आणि तळियात बोटभर लांबीचे मातकट देशी मासे. नदीत ही जात विपुल होती. परंतु याच केंद्राचे मागील प्रमुखांनी शोभेकरिता तांबड्या शेपटीचे परदेशी मासे नदीत सोडिले, त्यांचे नरांनी देशी माद्यांशी सोयरीक केली आणि संतती ना इकडची ना तिकडची जाहली. शुद्ध जात उरली ती या तळियात. हल्लीच्या प्रमुख वहिनीसाहेब तिला डोळ्यांत तेल घालून जपत.

ऐशियात वर्धापनदिन आला. पाहुण्यांचे हस्ते तळियात मासे सोडावे हा शिरस्ता. सकाळी तळियातलेच मासे बादलीत काढावे आणि दुपारी पाहुण्यांनी ते परत तळियात सोडावे, ऐसी वहिवाट. समारंभाचा बंदोबस्त वहिनीसाहेबांचे धाकटे दीर, राजश्री भाऊजी, यांजकडे. भाऊजी मोठे हौशी. मातकट मासे फोटोत उठत नाहीत, सबब त्यांनी परस्पर बाजारातून तांबड्या शेपटीचे मासे पिशवीभर आणिले आणि थेट पाहुण्यांचे हाती दिले. वहिनीसाहेबांचे पायाखालची वाळू सरकली.

"अहो भाऊजी, यातला एक जरी नर तळ्यात गेला ना, तर सगळी जात बुडाली माझी!"

"वहिनी, चुकलंच हो! पण आता माइकवर नाव पुकारलंय, पाहुण्यांना काय सांगू?"

मग मसलत होऊन धुण्याचा टब काठाशी पाण्यात कडेपर्यंत बुडविला, कडा दिसो नये म्हणोन भोवती पाने पसरली आणि पाहुण्यांनी तेथेच पिशवी रिती करावी ऐसी अदबीने विनंती जाहली. टाळ्या पडल्या. इतक्यात एका दांडग्या नराने उसळी मारिली आणि तळे गाठिले. वहिनीसाहेबांचे तोंडचे पाणी पळाले. मग भाऊजींनी मागचापुढचा विचार न करिता नव्या कोटासह उडी घेतली, आणि वहिनीसाहेबांनी बाह्या सारोन दुसरी बाजू धरिली, आणि कोटाचे जाळे करून, चिखलात लोळोन, मध्ये एक निरपराध बेडूक दस्त करून सोडोन, अखेर शर्थीने गनीम धरिला. पाहुण्यांनी हा कार्यक्रमाचाच भाग समजोन वन्स मोअर फर्माविला. तो हुकूम अमलात आला नाही.

गनिमांची रवानगी दिवाणखान्यातील काचपेटीत जाहली आणि वर दिवे लागले. तेव्हापासोन पाहुणे तेथेच फोटो काढोन, केंद्राची वाहवा करून माघारी जातात. तळियाकडे कोणी ढुंकोन पाहत नाही. भाऊजींचा कोट रणी पडला. यंदा मातकट माद्यांस पिले जाहली, तीही मातकटच. फत्ते ती हीच, म्हणोन येथे नमूद केली असे.