सबनीसकाकांचे दोन सेन्सर

सबनीसकाका मला एकच प्रश्न दिवसातून दोनदा विचारत. संध्याकाळी दारात पाय ठेवला की, "काय, कसं वाटतंय?" सकाळी निघताना पुन्हा तेच. मी काहीही सांगितलं तरी ते माझा चेहरा बघून डायरीत काहीतरी लिहीत.

सिंगापुरात बुकित पंजांगच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी एका खोलीत भाड्याने राहत होतो. आमच्या घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच. शिकलेल्या घरांत असंच विचारत असतील, असं मला वाटे.

"आधीचं बघ, नंतरचं बघ," हे काकांचं पालुपद. आमटीसुद्धा ते फोडणीआधी चाखत आणि फोडणीनंतर चाखत. ही सवय त्यांना जुन्या गाडीने लावली. इंजिनाचा धूर एका डब्यात जाऊन निवळतो. त्या डब्याच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर, नंतर दुसरा. लॅपटॉपवर आधीच्याची रेघ सतत वरखाली नाचते. डबा चांगला असेल तर नंतरच्याची रेघ शांत राहते. दोन्ही सारख्याच नाचल्या, तर डबा गेला समजायचं.

एकदा तसंच झालं. सोमवारी गाडीची तपासणी होती आणि डॅशबोर्डवरचा बिघाडाचा पिवळा दिवा विझेना.

"अंकल, ओल्ड कार ऑलरेडी. स्क्रॅप लाह," गॅरेजवाला म्हणाला.

"मागच्या सीटवर मुक्ताने बाराखडी गिरवलीय. भंगारात नाही जाणार," काका मला मराठीत म्हणाले. मुक्ता, त्यांची मुलगी, आता काकूंबरोबर पुण्यात शिकत होती.

मग ते गॅरेजवाल्याकडे वळले. डबा चांगलाच असेल, पण दुसऱ्या सेन्सरजवळ बाहेरची हवा शिरत असेल तर? त्यांनी भांड्यांच्या साबणाचं पाणी मागवलं. इंजिन चालू ठेवून मी चिंधीने सायलेन्सरचं तोंड दाबून धरलं. काकांनी सेन्सरजवळच्या जोडावर पाणी ओतलं. बुडबुडे आले; गळती तिथेच होती.

पंचवीस मिनिटांत जोडात नवं गॅस्केट, म्हणजे हवाबंद चकती, बसलं. गाडी फिरवून आणल्यावर काकांच्या लॅपटॉपवर दुसरी रेघ सपाट होती. गॅरेजवाला दोनदा वाकून बघून म्हणाला, "अंकल, यू कम वर्क हिअर, कॅन?"

सोमवारी गाडी पास झाली.

"गॅस्केटची नोंद कर," म्हणून गाडीतच काकांनी डायरी माझ्या हाती दिली. कोरं पान शोधताना माझं नाव दिसलं. पहिला महिना: संध्याकाळी, घराआधी, वरखाली; सकाळी, घरानंतर, तरीही वरखाली. खाली लिहिलं होतं: "दोष मुलात नाही. गळती घरात आहे. उद्यापासून घरी आमटी." त्यानंतरच्या सगळ्या सकाळी "शांत".

काकांच्या स्वतःच्या नावाचं पान कुठेच नव्हतं.

"काय, कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"शांत," मी म्हणालो. "आणि काका, तुम्हाला?"

काकांनी इंजिन सुरू केलं. पण गाडी काही लगेच हलली नाही.