उतार खडा की सौम्य?

रविवारी दोन वाजता परीक्षक यायचे होते आणि पावणेदोनला हार्लन ट्वेटने तळघरात स्वतःच्या हातांनी दोन्ही ट्वीटर जाळले.

भानगड क्रॉसओव्हर फिल्टरची. गाण्यातला जाड आवाज मोठ्या स्पीकरला आणि बारीक आवाज चिमुकल्या ट्वीटरला, ही वाटणी हार्लनचा कॉम्प्युटर करायचा. वाटणीचा उतार खडा, म्हणजे एकदम कापणारा, ठेवायचा की सौम्य, म्हणजे हळूहळू उतरणारा, यावरून अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या तीन म्हाताऱ्यांची अख्खा हिवाळा जुंपली होती. आज फैसला. त्या घाईत हार्लनने वाटणी उलटी केली आणि सगळा ढणढणाट ट्वीटरच्या गळ्यात घातला. 'फट्' झालं.

त्याने वाटणी सरळ केली, कॉम्प्युटरवरून दहा हजार हर्ट्झची बारीक शिट्टी सोडली आणि ट्वीटरला कान लावला. शुकशुकाट. आवाज वाढवला. तरी शुकशुकाट.

ही जोडी आर्लिसने लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला दिलेली. बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडलेला. बायकोला काय तोंड दाखवायचं?

तेवढ्यात बेल वाजली.

ड्वेन आणि लॉर्न, दोघे परीक्षक, बर्फाचे बूट काढून थेट खाली उतरले. ड्वेनची हयात लाकडाच्या गिरणीत गेलेली, लॉर्नची खनिजाच्या जहाजावर, इंजिनाशेजारी. हार्लन खाणीत ड्रिल चालवायचा. असे हे तीन कान-पारखी!

हार्लनने मुकाट्याने तबकडी लावली. आधी खडा उतार, मग सौम्य.

"अहाहा!" लॉर्नने डोळे मिटले. "सुरांच्या मधली ती शांतता ऐकलीस? काळीभोर!"

"ती सौम्य उताराची कमाल," ड्वेन म्हणाला. "खड्यात झांज बघ कशी कोंडल्यासारखी वाटते."

"कोंडलेली? तुझ्या कानात अजून भुसा आहे!"

मेलेल्या ट्वीटरची झांज कोंडलेली की मोकळी, यावर दोघे तासभर भांडले. शेवटी हार्लनला राहवेना. "थांबा रे. खरं सांगायचं तर—"

जिन्यात पावलं वाजली. आर्लिस कॉफी आणि लिंबाच्या वड्यांचा ट्रे घेऊन उतरली, ती एका हाताने कान दाबूनच.

"हार्लन, ती शिट्टी बंद करतोस की मी वायर उपटू? दुपारपासून डोकं पोखरतेय!"

"कुठली शिट्टी?"

"कुठली म्हणजे? त्या छोट्या डब्यांतून येतेय ती! दोन्हींतून! वर स्वयंपाकघरात ऐकू येतेय, आणि तुम्ही तिघं तिच्यासमोर बसलायत!"

हार्लनने कॉम्प्युटरकडे धाव घेतली. दहा हजारांची शिट्टी इमानेइतबारे चालूच होती. त्याने ती बंद केली.

"हुश्श," आर्लिस म्हणाली.

"म्हणजे जिवंत आहेत!" हार्लनने तिला ट्रेसकट मिठी मारली. "दोन्ही जिवंत आहेत, आर्लिस!"

"अरे, कॉफी सांडेल! वेड लागलंय का?"

लॉर्न त्या काळ्याभोर शांततेचं नाव न काढता वडी चघळू लागला. ड्वेनने कॉफीचा घोट घेतला. मग त्याने घसा खाकरला.

"तरी मी सांगतो," तो म्हणाला, "सौम्य उतारात शिट्टी जरा मोकळी लागत होती."