फोनवरून बघितलेला पिक्चर

आमचा हा रेकॉर्ड क्लार्क. बायको नर्स, तिची बदली होऊन सहा महिने झालेले. पिक्चर बघताना हसू आलं की ती नवऱ्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घालायची. गेल्या सहा महिन्यांत त्या पाठीला कुणी विचारलं नव्हतं, आणि (माणूस मुळातच खुळा) त्याला त्या धपाट्याची फार फार आठवण यायची.

म्हणून एका रविवारी दुपारी त्यानं ठरवलं, फोन चालू ठेवून दोघांनी एकच पिक्चर एकाच वेळी बघायचा. एकदा तरी बरोबर हसायचं.

"अहो, रात्रभर ड्यूटी झालीय, डोळे मिटताहेत माझे," ती म्हणाली.

"अगं, परग्रहावरचा विनोदी पिक्चर आहे, झोप कुठल्या कुठे पळेल! एक, दोन, तीन... लाव!"

पिक्चर खरंच झकास होता. पुठ्ठ्याचं यान, छत्रीसारखी मिटणारी घरं, स्वतःच्या मिश्या चंद्रावर विसरून आलेला कप्तान! पण तिकडे हसू आधी फुटायचं आणि इकडे विनोद नंतर यायचा. त्यानं पिक्चर दहा सेकंद पुढे ढकलला, तर हा एकटाच खिदळला. मागे घेतला, परत पुढे. तीस वर्षं फायली जागेवर लावणाऱ्या माणसाला एक हसू जागेवर लावता येईना!

शेवटी जमलं. कप्तान मोजे काढायला कपाटाचा खण उघडतो, तर आत अख्खा समुद्र! आणि होडीत बसून त्याची घरी राहिलेली बायको विचारते, "जेवलात का?" फोनमधलं हसू आणि याचं हसू अगदी एकदम फुटलं. हसता हसता याचे डोळे भरून आले.

"अगं, असा खण आपल्याकडे हवा होता गं," म्हणत त्यानं उठून खरंच कपाटाचा खण उघडला. (मोजेच निघाले, तेही वेगवेगळ्या जोड्यांतले.) "तुझ्याशिवाय घर खायला उठतं. मला करमत नाही. बदलीचा अर्ज कर आणि ये बघू परत."

पलीकडे कुणीतरी नाक ओढलं. मग एक अनोळखी आवाज आला. "भावोजी, ताई पहिल्या पाच मिनिटांतच झोपल्या. मी त्यांची रूम पार्टनर."

हा गारच पडला. "मग इतका वेळ हसत कोण होतं?"

"आम्ही, हॉस्टेलच्या सहाजणी. पण तुम्ही बोला ना, आम्ही पिक्चर थांबवलाय."