मागच्या चाकाचं कण्हणं

पनवेलच्या उरण नाक्यावर बाळाराम मिस्त्रींच्या गॅरेजात गिऱ्हाइकाला तोंड उघडायची परवानगी नसे. "मिस्त्री, मागून आवाज..." एवढं म्हणेपर्यंत त्यांचा ग्रीसनं माखलेला पंजा माझ्या तोंडासमोर आलाच.

"आजारी कोन हाय? तुमी का ती?"

"ती."

"मंग तिला बोलू द्या."

ती म्हणजे माझी मोटरसायकल. लष्कराच्या लिलावातली, माझ्याआधी दोन मालक बघितलेली. मी तेव्हा हिवताप खात्यात होतो. खाडीकाठच्या गावांतली डबकी तपासत हिंडायचं, म्हणजे तिच्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्या उन्हाळ्यात तिच्या मागच्या चाकातून बारीक, लांबलचक कण्हणं सुरू झालं. वेग वाढला की सूर चढे, हळू झालं की उतरे. एका गावात तर म्हातारीनं मला थांबवून विचारलं, "सायब, कुत्र्याचा पिल्लू खाली आला काय?"

मिस्त्रींनी आधी शेजारच्या कल्हईवाल्याचा भाता थांबवला, मग चहावाल्याचा स्टोव्ह. सगळं शांत झाल्यावर ते माझ्यामागं गाडीवर बसले, पण उलटे, चाकाकडे तोंड करून. एका हातानं माझा शर्ट धरून कान खाली घातला. आमची ही वरात भर बाजारातून निघाली.

"क्लच दाबा!" मागून हुकूम आला. मी दाबला. "अजून रडते. म्हंजे इंजिनाचा दुखना नाय. चला!"

लोक दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन हसत होते. मिस्त्री हसले नाहीत. त्यांना हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं. घरी एकटे, गॅरेजातही एकटेच.

परतल्यावर त्यांनी साखळी काढली, चाक हातानं फिरवलं आणि डोळे मिटून आसाला हात लावून बसले. बऱ्याच वेळानं उठले.

"नाय कलत. चार दिवसांनी या."

बाळाराम मिस्त्रींना कळत नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. चार दिवसांनी गेलो तर ते धुतलेला सदरा घालून तयार.

"उलव्याला जाऊ. धर्माला इचारू."

धर्मा हा त्यांचा धाकटा भाऊ. त्याची हकीकत मला चहावाल्यानं सांगितली होती. गॅरेज दोघांचं होतं. आठ वर्षांपूर्वी एक लॉरी आली. मोठा म्हणाला, गिअरबॉक्स गेलाय. धाकटा म्हणाला, नाही, मागचा आस. दिवसभर गिअरबॉक्स खोलला, काही निघालं नाही. दोष आसातच निघाला. जमलेले ड्रायव्हर हसले. त्यांच्यादेखत बाळाराम भावाला म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." तो आला नाही. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता.

उलव्याला धर्मा ओटीवर खाटेला टेकून बसला होता. छातीचं दुखणं, नुसता सापळा उरलेला. त्याची बायको पाणी घेऊन बाहेर आली आणि मिस्त्रींना बघून दारातच थबकली.

कसा आहेस वगैरे काही नाही. मिस्त्री अंगणात उभ्या उभ्याच म्हणाले, "सायबांची गाडी हाय. मागचा चाक रडते. मना कलत नाय."

धर्मा त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चालवून दाखवा."

मी घरासमोरून तीनदा गाडी नेली, आणली. धर्मा डोळे मिटून ऐकत होता. बोलण्याआधी त्याला खूप वेळ धाप लागली.

"साखळी," तो म्हणाला. "लय आवळली हाय, दादा. ढिली कर."

मिस्त्रींनी वाकून साखळी पाहिली. बोटानं दाबली.

"व्हय," ते म्हणाले. "तुजाच बरोबर हाय."

धर्मानं बायकोकडे मान वळवली. "च्या ठेव. दादा आलाय."

पनवेलला परतल्यावर मिस्त्रींनी लगेच मागचं चाक उतरवलं. फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी काढली. आत नवं कोरं बेअरिंग होतं.

"हे कधी आणलंत?"

"परवा. मुंबयशी."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पयल्याच दिवशी."

बेअरिंग बसलं. चाक फिरवलं तर चूं नाही. मी निघायला उठलो, तर ते पुन्हा खाली बसले आणि साखळी ढिली करू लागले.

"आता ती कशाला? ती तर बरोबर होती."

"धर्मा बोलला ना," ते वर न बघता म्हणाले.

श्रावणात धर्मा गेला. तोवर ती ढिली साखळी तिच्या झाकणाच्या पत्र्यावर आपटून खडखडायला लागली होती. आणखी महिनाभर मी तशीच चालवली आणि मग गॅरेजात नेली. मिस्त्रींनी पाना घेतला, नटाला लावला आणि तसेच थांबले.

"सायब," ते म्हणाले, "थोडं दिस अशीच चालवाल काय?"