जोतीरामकाकांनी सोललेली केबल

आमच्या घरात एक नियम आहे. आण्णा, म्हणजे आमचे आजोबा, "व्हय" म्हणाले की विषय संपला. का, कसं, कशाला, हे पेठ वडगावच्या वेशीबाहेर विचारायचं. (मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. म्हणजे प्रश्न विचारायला शिकायची फी आण्णांनीच भरली.)

परवा नव्या गोठ्यात जमिनीखालून लाइट न्यायचं ठरलं. मी सांगितलेली आर्मर्ड केबल आणली, हेच विशेष. संध्याकाळी कोल्हापूरहून घरी येते, तर जोतीरामकाका अंगणात बसून विळ्यानं केबलचं टोक सोलतायत. उसासारखं! शेजारी चकचकीत पोलादी तारांचं भेंडोळं.

"काका, हे काय?"

"वरचं पाचाट काढाय नको? करंट आतल्या वायरीतनं जातोय न्हवं?"

"आणि या तारा?"

"तुझ्या काकूला धुणं वाळत घालाय. कंपनीनं फुकट दिल्यात."

"व्हय," आण्णा म्हणाले.

माझं डोकं सणकलं. करवत आणून दुसऱ्या, न सोललेल्या टोकाचा छोटा तुकडा कापला. "बघा. मधे अ‍ॅल्युमिनियम, करंट इथून. त्यावर इन्सुलेशन, मग आतलं आवरण, मग काकूच्या धुण्याच्या तारा, वर काळी साल. कुदळ बसली तर या तारा घाव झेलतात. अर्थिंगला जोडल्या की केबल बिघडली तरी करंट जमिनीत जातो, फ्यूज उडतो. काकू ओल्यात अनवाणी बसून धार काढते. तिच्या अंगात जायला हवाय का करंट?"

"टोकाला आसंल तसं," काका म्हणाले. "दुकानदार टोकाला चांगलंच दावतोय. मधनं बघाय पायजे." (काका शेंगांचं पोतंही तळापर्यंत हात घातल्याशिवाय घेत नाहीत.)

"मधेही तशीच असते!"

"कशावरनं?"

कशावरून? मी तरातरा गोठ्यापर्यंत खणलेल्या चरापाशी गेले, आत अंथरलेल्या केबलवर करवत चालवली. "घ्या! बघा!"

काका वाकले. "हाय की गं!"

आण्णांनी मिशीवर हात फिरवला. "बरं. सोललं ते सोललं. आता जोड, चर बुजवू. व्हय."

"नाही," मी म्हणाले. "सोललेली केबल मी जोडणार नाही, कुणाला जोडूही देणार नाही. काकूचा जीव काय वाटेवर पडलाय?"

आण्णा गप्प झाले. काका गप्प. धुणं सोडून आलेली काकूही गप्प. शिक्षणाचा असा दरारा मी कॉलेजातही पाहिला नव्हता.

मग लक्षात आलं, तिघंही माझ्याकडे नाही, चरात बघतायत. काकांनी सोललेलं टोक छाटलं असतं, तरी केबल गोठ्यापर्यंत आरामात पुरली असती. मधोमध कापली होती ती मी.