शामलावहिनींचे सहा दरवाजे

शामलावहिनींनी त्या संक्रांतीला तीस बायकांना स्टीलच्या वाट्या लुटल्या आणि एकीनेही त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. कारण सुमनने वाण म्हणून फोटो वाटले होते. मलावीतल्या कुठल्याशा खेड्यातला नवाकोरा हातपंप, भोवती तिथल्या शाळेची हसणारी पोरं आणि पंपावर पाटी: 'मिसेस सुमन हरीश गुप्ते'.

सुमन कुवेतच्या इस्पितळात नर्स होती, वरच्याच मजल्यावर राहायची आणि शामलावहिनींची जिवलग मैत्रीण होती. म्हणूनच तर सहन होईना.

"अगं, लोकांना पाणी मिळालं ना?" वहिनींचे यजमान प्रभाकरराव म्हणाले. ते मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर होते. घरात मात्र त्यांचं यंत्र कधी चालत नसे.

"मिळालं हो! पण नाव हिचंच का?"

दुसऱ्याच दिवशी वहिनी कुवेतमधल्याच राई नावाच्या भागात पोचल्या. तिथे एका गोदामाला लागून मदतसंस्थेची कचेरी होती. कारकून झहूरभाई मूळचे रत्नागिरीचे. सुमनचा पंप त्यांच्यामार्फतच बसला होता.

"त्याच गावात काहीतरी बांधायचंय," वहिनी म्हणाल्या. "पंपापेक्षा मोठं. आणि नाव असं हवं की अख्ख्या शाळेला रोज दिसलं पाहिजे."

"बांधायचं काय, वहिनी? गावाच्या गरजांची यादी दाखवतो."

"यादी राहू द्या. गावाला लागेल ते बांधा. नावाचं तेवढं बघा."

"नावाची काळजी करू नकात," झहूरभाई म्हणाले आणि अर्जावर शब्दन् शब्द लिहून घेतला. माणूस कामाला फार चोख.

त्यानंतर तीन महिने वहिनी भेटेल तिला "शाळाच म्हण ना" असं सांगत होत्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी लिफाफा आला. तो सुमनच्या डोळ्यांदेखतच फोडायचा म्हणून त्यांनी तसाच गौरीपुढे ठेवला.

बायका जमल्या, आंब्याची डाळ झाली, पन्हं फिरलं. लेकीने, रसिकाने, लिफाफा फोडला आणि तिचा चेहरा पडला.

"ममी, आय थिंक आपण नंतर बघू."

"वर धर! सगळ्यांना दिसू दे."

रसिकाने फोटो वर धरला. शाळेमागे एका रांगेत सहा संडास. सहाही दारांवर निळ्या रंगात, हातभर अक्षरांत: 'मिसेस शामला प्रभाकर निमकर'.

कुणालातरी पन्ह्याचा ठसका लागला. सुमनने फोटो अगदी प्रेमाने हातात घेतला.

"अगंबाई, सहाही दारांवर! अख्ख्या शाळेला रोज दिसणार हो वहिनी!"

धरणीने पोटात घ्यावं असं शामलावहिनींना झालं. पण सुमनचं अजून समाधान झालं नव्हतं. "पत्रही आहे की. वाच ना गं रसिका, मोठ्याने."

रसिका अडखळत इंग्रजीचं मराठी करू लागली. "हेडमिस्ट्रेस लिहितात... आडोसा नव्हता, म्हणून मोठ्या मुली शाळा सोडायच्या. आता एकोणीस मुली परत आल्यात. त्या रोज सकाळी प्रेअरमध्ये ममीचं नाव घेतात."

हसणं थांबलं. शामलावहिनींना आपली नगरची शाळा आठवली. तिथे त्या सकाळपासून पाण्याचा घोट न घेता पाच-पाच तास बसायच्या. एवढं भोगलं होतं, तरी त्यांनी ती यादी साधी उघडूनही पाहिली नव्हती. त्यांना फार लाज वाटली आणि डोळे भरून आले. कोपऱ्यातल्या दोघीतिघीही पदराने डोळे टिपू लागल्या.

सुमनने पत्र उलटंसुलटं करून पाहिलं. "माझं नाव नाही घेत प्रेअरमध्ये?"

"तसं काही लिहिलं नाहीये, आंटी."

बायका गेल्या तरी सुमन दारात रेंगाळत राहिली. पन्ह्याचा पेला तिने अजून खाली ठेवला नव्हता.

"वहिनी, तिथे सातव्या दाराला जागा असेल का हो?"

शामलावहिनींनी तिचा हात हातात घेतला. आज त्यांच्या मनात कुणाबद्दल काही राहिलं नव्हतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

"असेल की गं. मुलींची सोयच होईल. मी स्वतः सांगते झहूरभाईंना," त्या म्हणाल्या. "म्हणावं, रांगेच्या अगदी शेवटी बांधा."