सासूबाईंचं घड्याळ आणि पक्का जोड

“ह्या नळीत पाण्याचा एक थेंब जरी शिरला ना, तर नाव बदलीन!” मिस्त्रीनं छाती पुढे काढून जाहीर केलं.

वास्तविक त्याचं नाव बदलून काही फरक पडणार नव्हता, कारण मूळ नाव सगळेच विसरले होते. गिऱ्हाइकं मिस्त्री म्हणत, शेजारी मिस्त्री म्हणत आणि बायकोही लाडात असली की “अहो मिस्त्री” म्हणे. धंदा प्लंबिंगचा. हात सोन्याचा, पण काळीज चिमणीचं! कुत्रा दिसला की हा रस्ता बदलणार, पोलीस दिसला की उगाचच दोन्ही हात खिशातून बाहेर काढणार. आणि ह्या सगळ्या भीतींच्या डोक्यावर पाय ठेवून उभ्या होत्या सासूबाई.

सासूबाई मुख्याध्यापिका होत्या. त्या निवृत्त झाल्या, पण त्यांचा आवाज झाला नाही. त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ गेले कित्येक महिने टपटप गळत होता आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या तो मुद्दाम ऐकवीत. “ऐकलंत? आमचे जावई प्लंबर आहेत!” एवढंच म्हणत. मिस्त्री दर खेपेला “उद्या बघतो, आई” म्हणे आणि चहा अर्धा टाकून पळे.

त्यांच्या मनगटावर सासऱ्यांचं जुनं चावीचं घड्याळ असे. चांगलं जाडजूड, पुरुषी, आणि टिकटिक अशी की शेजारच्या खोलीत झोपलेल्याला कूस बदलावी लागे. सासरे गेले त्या दिवशी त्यांनी ते स्वतःच्या हाताला बांधलं. “हे गेले, पण ह्यांचं घड्याळ एक दिवस थांबलेलं नाही,” असं त्या सांगत, आणि सांगताना त्यांचा तो करडा आवाज जरा हले. त्यामुळे पुढे कोणी काही विचारत नसे. घड्याळाला पाण्याचं वावडं होतं. म्हणून समुद्रावर गेलं की सासूबाई खुर्चीत ताठ बसून राहत आणि लाटांवर लक्ष ठेवत.

“ह्या वेळी तरी पाण्यात ये ना गं,” त्या दिवशी किनाऱ्यावर लेक म्हणाली.

“आणि घड्याळ कुठे ठेवू?”

“गाडीत.”

“काच फोडतात.”

“पर्समध्ये ठेव.”

“आणि पर्स कोण सांभाळणार? ही छत्री?”

इथे मिस्त्रीला अवसान आलं. पिशवीतून त्यानं वीतभर लांबीची पांढरी पीव्हीसी नळी काढली. एका टोकाला पक्की टोपी, दुसऱ्या टोकाला आट्यांची, फिरवून उघडणारी. खास घरून बनवून आणलेली! आणि मग ती नाव बदलायची प्रतिज्ञा झाली.

सासूबाईंनी नळी उलटसुलट करून पाहिली. “दुपारच्या आत परत मिळेल ना?”

“अहो आई, टोपी फिरवली की घड्याळ हातात!”

त्यांनी पट्टा सोडला. मनगटावर पांढरा चट्टा उमटला होता. घड्याळ रुमालात गुंडाळून त्यांनी स्वतः आत सोडलं. मिस्त्रीनं त्याच्यामागून गाडीची किल्ली टाकली आणि टोपी लावायला घेतली. सासूबाई समोर उभ्या राहून बघत होत्या. त्या अशा बघायला लागल्या की मिस्त्रीचं डोकं बंद पडे आणि हात आपले आपण चालू लागत. पिशवीत हात गेला, पिशवीतून बाहेर आला, काहीतरी पुसलं, काहीतरी फासलं, टोपी बसली, घट्ट आवळली गेली. हातांनी नेमकं काय केलं ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

मग त्यानं नळीला तार बांधली, तारेचं दुसरं टोक निळ्या छत्रीच्या दांड्याला पिळलं, नळी वाळूत पुरली आणि हात झटकले. “आता समुद्राचा बाप आला तरी काय करतो बघू!”

समुद्राचा बाप आला नाही. शेजारच्या छत्रीतली एक बाई उन्हामुळे सरकत सरकत ह्यांच्या सावलीत आली आणि वाळूला कान लावून झोपली.

इकडे सासूबाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. लाट आली की चक्क हसत होत्या! “छान वाटतंय हो,” असं त्या जावयाकडे बघून म्हणाल्या. मिस्त्रीला भरून आलं. लग्नानंतर प्रथमच त्यांनी त्याच्याकडे बघून चांगलं काही म्हटलं होतं.

तेवढ्यात किंकाळी ऐकू आली. पाठोपाठ जीवरक्षकाची शिट्टी वाजली, थांबेचना! माणसं चपला टाकून, पोरं काखोटीला मारून रस्त्याकडे पळत सुटली. “बॉम्ब! बॉम्ब!”

मिस्त्री सगळ्यांच्या पुढे होता. बायको आणि सासूबाई मागे राहिल्यात हे त्याच्या अर्ध्या वाटेत लक्षात आलं, तेव्हा तो जीव मुठीत धरून परत आला आणि सासूबाईंचा हात धरून पुन्हा पळाला. रस्त्याच्या कडेला पोलिसांनी दोर बांधला होता. दोराच्या मागे शे-दोनशे ओली माणसं कुडकुडत उभी होती.

“ड्रमएवढा आहे म्हणे!” एक जण म्हणाला.

“दिवा लुकलुकतोय त्याच्यावर!” दुसरा म्हणाला.

“देवा रे!” मिस्त्रीचे दात वाजू लागले. “कोण असले नालायक लोक असतात हो! पोरंबाळं खेळतात इथं! अशांना भर चौकात फटके द्यायला पाहिजेत!”

आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. एकानं तर त्याच्या पाठीवर थाप मारली.

मग दुर्बीण लावून बसलेला हवालदार आपल्या साहेबांना मोठ्यानं सांगू लागला. “पांढरी नळी आहे, सर. वीतभर. दोन्ही बाजूंनी बंद. निळ्या छत्रीच्या दांड्याला तार बांधलीय. आणि तिथं झोपलेली ती बाई सांगते, खालून टिकटिक आली म्हणून वाळू उकरली, तर ही निघाली.”

मिस्त्रीनं चोरून सासूबाईंकडे पाहिलं. त्या त्याच्याकडेच बघत होत्या.

“जावईबापू,” त्या हळूच म्हणाल्या, “आपली छत्री कोणत्या रंगाची होती?”

“आठवत नाही, आई.”

“निळीच होती हो!” बायको म्हणाली आणि तिनं स्वतःच तोंडावर हात ठेवला.

मिस्त्रीनं मनातल्या मनात हिशेब केला. बोललो तर पोलीस धरणार. नाही बोललो तर पोलीस नळी घेऊन जातील, मग आठवड्याभरानं गुपचूप जाऊन... पण तेवढ्यात बॉम्बशोधक पथकाची गाडी आली. लठ्ठ चिलखत चढवता चढवता त्यातला एक जण म्हणाला, “लांबूनच उडवू, सर. पाण्याचा जोरदार फवारा सोडला की आतल्या सगळ्याचा चुरा.”

पाण्याचा! बारीकसा आवाज काढून सासूबाईंनी आपलं रिकामं मनगट दुसऱ्या हातानं झाकलं. बस, त्या आवाजानं मिस्त्रीचा हात वर गेला. पोलिसासमोर आपण होऊन वर गेलेला हा त्याचा पहिलाच हात.

“साहेब, तो बॉम्ब नाहीये. त्यात आमच्या सासूबाईंचं घड्याळ आहे!”

“घड्याळ आहे ते आम्हालाही कळलंय!” साहेब गरजले. “आणखी काय आहे?”

“गाडीची किल्ली.”

“म्हणजे पळून जायचीही तयारी होती! बनवली कोणी ही वस्तू?”

“मी!” मिस्त्री म्हणाला. आवाजात नको तेवढा अभिमान आला होता. मघाशी थाप मारणारा माणूस दहा हात मागे सरकला.

साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ओली चड्डी, गळ्यात टॉवेल, थरथरणारी हनुवटी. “तुझीच आहे ना? मग जा आणि तूच उघडून दाखव. आम्ही इथून बघतो. काही वेडंवाकडं केलंस तर याद राख!”

मोकळ्या वाळूवर मिस्त्री एकटाच चालू लागला. बॉम्ब नाही हे त्याच्याइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नव्हतं, तरी त्याला घाम फुटला होता. इतकी माणसं म्हणतात म्हणजे असेलही, असं त्याला मधूनच वाटून जाई. छत्रीखाली तो गुडघ्यांवर बसला, नळी उचलली आणि टोपी फिरवली.

टोपी हलली नाही.

त्यानं टॉवेल गुंडाळून फिरवली. मांडीत धरून फिरवली. दात लावून पाहिले. आणि मग त्याच्या डोळ्यांसमोर आपलेच हात आले. पिशवीतून नळ्या कायमच्या चिकटवायच्या सोल्युशनचा डबा काढणारे, आटे पुसणारे, ब्रश फिरवणारे. आयुष्यभर ह्या हातांनी सोल्युशन लावल्याशिवाय एकही जोड बसवला नव्हता. आजही बसवला नाही!

“काय झालं?” साहेबांनी भोंग्यातून विचारलं.

“उघडत नाहीये, साहेब!”

“का?”

“पक्की बसवलीय!”

“मग कापून काढ!”

“कापायची करवत गाडीत आहे!”

“मग गाडीची किल्ली दे!”

“ती ह्याच्यात आहे!”

लांबून बायकोनं कपाळावर हात मारलेला मिस्त्रीला स्पष्ट दिसला. अखेर जीवरक्षकाच्या खोपटातून एक गंजकी करवत मिळाली. जीवरक्षकानं ती लांबूनच फेकली, ती निम्म्यात पडली आणि मिस्त्री रांगत जाऊन घेऊन आला.

त्यानं नळी कानाशी धरली. घड्याळ नेमकं कुठल्या बाजूला आहे ते कळलं म्हणजे त्याच्या उलट्या टोकाला कापता येईल. टिक. टिक. टि...

मग काहीच नाही.

त्यानं नळी हलवली. दुसरा कान लावला. सासरे गेल्यापासून एक दिवस न थांबलेलं घड्याळ त्याच्या हातात थांबलं होतं! मिस्त्रीच्या घशातून आपोआप आरोळी निघाली. “साहेब! टिकटिक बंद झाली!”

दोरापलीकडची सगळी माणसं एकदम जमिनीवर आडवी झाली. साहेब आडवे झाले, चिलखतवाला गाडीखाली गेला. उभी राहिली ती एकच व्यक्ती. तिनं दोर उचलला आणि खालून वाकून ती किनाऱ्यावर आली.

“ओ आजी! मागे फिरा!” साहेब पडल्या पडल्या ओरडले.

“आजी कोणाला म्हणतोस?” सासूबाईंनी वळूनही न पाहता विचारलं आणि साहेबांनी उचललेली मान पुन्हा खाली घातली.

त्या येताना दिसल्या तसा मिस्त्रीचा उरलासुरला धीर सुटला. बॉम्ब असता तर फार बरं झालं असतं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. त्या येऊन समोर वाळूत बसल्या. त्याला रडूच फुटलं.

“आई, थांबलं हो ते. माझ्यामुळे थांबलं. मला काय हवं ते बोला.”

सासूबाईंनी मागे वळून लेक लांब आहे ना ते पाहिलं. मग त्या पुढे झुकल्या आणि मिस्त्रीनं कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात म्हणाल्या, “रोजच थांबतं ते.”

“काय?”

“दुपारी थांबतं. स्प्रिंग दमलीय त्याची. न्हाणीघरात जाऊन गुपचूप चावी देते मी. थांबलं म्हटलं की हे पुन्हा एकदा गेल्यासारखं वाटतं, म्हणून कोणाला सांगत नाही. म्हणून तर विचारत होते तुम्हाला, दुपारच्या आत मिळेल ना.” त्यांनी नळीचं एक टोक घट्ट धरलं. “कापा आता. आणि बेतानं.”

मिस्त्रीनं कापायला सुरुवात केली. करवत दोनदा त्याच्याच अंगठ्याला लागली. नळी तुटली आणि आतून रुमाल निघाला, कोरडा ठणठणीत. सासूबाईंनी लोकांकडे पाठ करून घड्याळ पदराआड धरलं, चार फेरे चावी दिली आणि मिस्त्रीच्या कानाला लावलं. टिक, टिक, टिक.

“चालू आहे!” त्या उठून खणखणीत आवाजात म्हणाल्या. “एक क्षणभरसुद्धा थांबलेलं नाही! ह्यांना भीतीनं ऐकू येईनासं झालं होतं!”

मिस्त्रीनं मुकाट्यानं मान हलवली. पुढे संध्याकाळपर्यंत चौकीत बसावं लागलं, जबाब झाले, दंड झाला. साहेबांनी टोपीचा तो जोड स्वतः ओढून पाहिला, हवालदाराकडून ओढवून पाहिला, आणि शेवटी “आमच्याकडे टाकी गळते, येऊन जा जरा,” असं हळूच सांगितलं.

घरी सोडताना सासूबाई दारात थांबल्या. “जावईबापू, मघाचं कोणाजवळ बोलायचं नाही.”

“नाही, आई. गळ्याची शपथ!”

“आणि तो नळ.”

“उद्या...” म्हणता म्हणता मिस्त्रीनं जीभ चावली. “उद्या उजाडताच येतो!”

आणि खरोखर उजाडताच तो हजर झाला. बरोबर कोरा करकरीत प्लास्टिकचा नळ आणला होता. सासूबाई चहा घेऊन शेजारी उभ्या राहिल्या आणि प्रेमानं, अगदी प्रेमानं, त्याच्या हातांकडे बघत राहिल्या.

तो नळ आता थेंबभरही गळत नाही. उघडतही नाही.